पू न धरणारी जखम

१२ जानेवारी

रक्तदाब वाढला म्हणून डॉक्टरांनी मीठ बंद केलं आणि हिने ही वही आणून दिली. "लोकांना जे ऐकवता ते यात लिहा, म्हणजे लोकांचाही रक्तदाब ठीक राहील," म्हणाली. बत्तीस वर्षांच्या संसारात बायको नवऱ्याची थट्टा करायला तेवढी शिकते.

तर लिहितो. जूनअखेर मी निवृत्त होणार. दोन वर्षांच्या मुदतवाढीची फाइल साहेबांच्या टेबलावर आहे. साहेब म्हणजे आमच्या संशोधन संस्थेचे संचालक, माझ्याहून सात वर्षांनी लहान. ती दोन वर्षं मिळाली तर माझं काम पुरं होईल. नाहीतर वीस वर्षं पाण्यात.

आज भाचीची मुलगी पुन्हा हॉस्पिटलात. चार वर्षांची आहे, दिसते अडीचची, म्हणून सगळे मुंगी म्हणतात. हिरड्या सुजल्यात, तोंड आलंय. तिला खरचटलं तर महिनोन्‌महिने भरत नाही आणि त्या जखमेत पू कधीच धरत नाही. लोकांना पू म्हणजे घाण वाटते. पू म्हणजे लढून मेलेल्या पांढऱ्या पेशी. मुंगीच्या रक्तात पांढऱ्या पेशी चौपट आहेत, पण जखमेपाशी एकही उतरत नाही. चालत्या बसमधून उतरताना दांडा धरावा लागतो, तसं पेशीला रक्तवाहिनीच्या भिंतीला धरावं लागतं. त्यासाठी तिच्या अंगावर साखरेच्या साखळ्या असतात. साखळीला फ्युकोज नावाची साखर जोडण्याचं काम एक एन्झाइम करतं. मुंगीच्या पेशींवर ते फ्युकोजच नाही. पेशी जखमेपर्यंत येतात आणि पुढे निघून जातात. असं मूल कोटीत एखादं. ते नेमकं ताईच्याच घरात निघावं. ताई गेली, सुटली म्हणायचं.

माझं वीस वर्षांचं म्हणणं असं, की या मुलांत एन्झाइमच नादुरुस्त असतं. पेशी बाहेर काढाव्यात, त्यांना चांगलं एन्झाइम लावावं, परत शरीरात सोडाव्यात. माझा सगळा प्रकल्प तोच आहे. विदुषीचं म्हणणं वेगळं. विदुषी म्हणजे माझी एकेकाळची विद्यार्थिनी. पिपेट कशी धरायची ते मी शिकवलं, आता शेजारच्या खोलीची प्रमुख आहे. ती म्हणते, एन्झाइम धडधाकट आहे, त्याच्यापर्यंत फ्युकोज पोचत नाही एवढंच. मुलीला ते पाण्यातून चमच्याने भरपूर पाजा, थोडं तरी पोचेल. पी हळद नि हो गोरी! हॉस्पिटलच्या समितीने तिला महिन्याभराची परवानगी दिली आहे. उद्यापासून सुरू.

२० जानेवारी

वॉर्डात जाऊन आलो. मुंगीच्या कोपरावर ऑक्टोबरात खरचटलेलं अजून तसंच. कोरडं, लाल, कडा उचललेल्या. ती मला बघून हसली आणि लगेच तोंडावर हात ठेवला. हसलं की दुखतं.

भाची खाटेच्या कडेला बसली होती. म्हणाली, "मामा, हे डॉक्टर लोक इंग्रजीत काय काय बोलतात. तू सांगशील ते खरं. तू हो म्हणालास तर हो, नाही म्हणालास तर नाही."

बरं वाटलं. घरात एका तरी माणसाला माझी किंमत आहे.

२९ जानेवारी

विदुषीने बोलावलं. पडद्यावर दोन चित्रफिती. केसासारख्या बारीक काचेच्या नळीला आतून ते चिकट प्रथिन लावायचं, ज्याने खरी रक्तवाहिनी पेशीला धरते, आणि रक्त सोडायचं. पहिली फीत साखर सुरू करण्याआधीची: पांढऱ्या पेशी सुसाट निघून जातायत. दुसरी कालची. त्यात पेशी येतात, भिंतीशी अडखळतात, हळू होतात, गडगडत जातात. दोनतीन तर थांबल्याच.

"सर, बघा ना, धरतायत!" तिचे डोळे भरले होते. शास्त्रज्ञाने रडू नये.

मी म्हणालो, "घाई करू नकोस. एका फितीवर कोणी घर बांधत नाही."

"म्हणूनच तुम्हाला आधी दाखवलं, सर."

गुरूची विद्या गुरूला. चमचाभर साखरेने काम होत असेल तर पेशी बाहेर काढायच्या कशाला, एन्झाइम लावायचं कशाला, आणि मुदतवाढ तरी कशाला? जेवण गेलं नाही. हिने विचारलं, मी रक्तदाबावर ढकललं.

३१ जानेवारी

साहेबांनी बोलावून सांगितलं, "तुमच्याइतका कडक माणूस संस्थेत नाही. तिचा प्रयोग तुम्ही स्वतंत्रपणे एकदा करा. तुमचा अहवाल आला की समिती ठरवेल. मुलगी नात्यातली आहे, अडचण नाही ना?"

मी म्हणालो, नात्यासाठी निष्कर्ष वाकवणारा मी नव्हे. आणि ते खरंच आहे.

२ फेब्रुवारी

प्रयोग केला. विदुषीने कृतीचा कागद पाठवला होता, लाल शाईने अधोरेखित करून: रक्त हिरव्या झाकणाच्या ट्यूबमध्येच घ्यावे; सोबत त्याच दिवशी, तशाच ट्यूबमध्ये निरोगी माणसाचे रक्त घेऊन तेही तपासावे. मला कृती शिकवते!

हिरव्या ट्यूब स्टोअरमध्ये संपलेल्या. नव्या गुरुवारी येणार. जांभळ्या झाकणाच्या माझ्या कपाटात डझनभर पडल्या होत्या, त्यातच घेतलं. माझ्या हाताखालच्या तंत्रज्ञ बाई म्हणाल्या, "सर, जांभळ्यात कॅल्शियम खाणारं रसायन असतं ना? पेशींना धरायला कॅल्शियम लागतं. आधी धुऊन घेऊ का?" मी म्हटलं, बाई, कॅल्शियमचा धडा मी तुमच्या जन्माआधीपासून शिकवतोय. रक्त पातळ करायच्या द्रावात कॅल्शियम आहेच, तेवढं पुरे. धुण्यात दोन तास जातात. निरोगी रक्ताची फीत मी जुनीच वापरली. निरोगी पेशी कशा धरतात हे मी हजार वेळा पाहिलंय, हातच्या काकणाला आरसा कशाला?

मुंगीची एकही पेशी धरली नाही. तीनदा पाहिलं. सगळ्या सुसाट.

भाचीचा चेहरा डोळ्यांसमोर आला, फार वाईट वाटलं. जेवताना दोनदा वाढून घेतलं. ही म्हणाली, "आज मिठाशिवायही चव लागतेय वाटतं."

५ फेब्रुवारी

समिती झाली. माझा अहवाल एका पानाचा. विदुषीने विचारलं, "सर, निरोगी रक्ताची फीत कुठल्या तारखेची?" मी म्हणालो, आधीची. "ट्यूब कुठल्या?" मी म्हणालो, तुला माझी वही तपासायची आहे का? साहेबांनी विषय आवरता घेतला. साखर बंद, बरणी तिच्या खोलीतल्या कपाटात जमा. नाचता येईना अंगण वाकडे, दुसरं काय.

संध्याकाळी भाचीला मीच सांगितलं. म्हटलं, खोट्या आशेपेक्षा खरं बरं. दोन वर्षांत माझं काम तयार होईल, पहिली मुंगीच. ती म्हणाली, "बरं मामा. तू म्हणतोस तर."

२६ फेब्रुवारी

तीन आठवडे भाचीचा फोन नाही. पूर्वी दिवसाआड असायचा. ही मात्र तिच्याकडे दोनदा जाऊन आली. काय म्हणते विचारलं, तर म्हणाली, "बरी आहे. पोर खाते-पिते." एवढ्यावर विषय संपवला. एरवी हिच्याकडून बातमी नको असली तरी मिळते.

१४ मार्च

भाचीकडे गेलो, न कळवता. मुंगीच्या हिरड्या चांगल्याच उतरल्यात! मी जानेवारीत गुळण्यांचं आणि औषधाचं वेळापत्रक लिहून दिलं होतं, त्याचा गुण. भाचीला तसं म्हटलंही. ती म्हणाली, "हो मामा, वेळापत्रक पाळते मी. दिवसातून पाच वेळा." मी तीन वेळाच लिहिलं होतं, पण आईची माया.

पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो तर जावई धावत आला, "मामा, तुम्ही बसा, मी आणतो." इतकी सरबराई कधी नव्हती. खाली विदुषीची स्कूटर उभी दिसली. त्या इमारतीत तळमजल्याला दाताचा दवाखाना आहे, तिकडे आली असेल.

२ एप्रिल

हे नीट लिहायला हवं.

भाचीने जेवायला बोलावलं नव्हतं, आम्हीच गेलो. किंवा मीच गेलो आणि ही मागे मागे. दार उघडं होतं. आत जावई फोनवर कोणाला तरी ओरडून सांगत होता, "पू धरलाय! अहो खरंच, पिवळा पू! गुडघ्याला!" भाची हसत होती आणि डोळे पुसत होती. मुंगी खुर्चीवर पाय पसरून बसलेली. परवा जिन्यात पडली म्हणे. गुडघ्यावर जखम, सुजलेली, गरम, आणि मधोमध पिवळा ठिपका.

मला बघून जावयाने फोन ठेवला.

मी वाकून पाहिलं. पू होता. चार वर्षांत या मुलीच्या अंगात कधी पू धरला नव्हता. पेशी उतरल्या होत्या. मी म्हणालो, "हे कसं शक्य आहे?" भाची कापूस आणायला आत गेली. ही म्हणाली, "चला, घरी जाऊ."

वाटेत मी हिला विचारलं, तुला माहीत होतं? म्हणाली, "मला फक्त पोर बरी होताना दिसत होती. त्यात विचारायचं काय होतं?"

३ एप्रिल

सकाळी लवकर प्रयोगशाळेत गेलो. स्वतःचं रक्त काढलं. माझ्या पेशी निरोगी आहेत, निदान त्या तरी. हिरव्या ट्यूबमधल्या पेशी नळीत झकास धरल्या, गडगडल्या, थांबल्या. जांभळ्यातली एकही नाही. द्रावातलं कॅल्शियम त्या रसायनाला पुरलं नाही. त्या ट्यूबमध्ये जगातल्या कुठल्याच माणसाची पेशी धरली नसती.

तंत्रज्ञ बाई मागे उभ्या होत्या. काही म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं.

४ एप्रिल

भाचीकडे गेलो. एकटा. म्हणालो, माझी चूक झाली, ट्यूब चुकीची होती.

"मला माहीत आहे, मामा. दोन महिने झाले."

ट्यूबचं तंत्रज्ञ बाईंकडून कळल्यावर विदुषी समितीनंतर चौथ्या दिवशी तिच्याकडे आली होती. कपाटातल्या बरणीतून थोडी थोडी साखर आणून देत होती. दिवसातून पाच वेळा.

"मला सांगितलं का नाहीस?"

"तू बंद करायला लावलं असतंस."

मी नाही म्हणणार होतो. मग म्हणालो नाही.

तिने मला पाणी दिलं. म्हणाली, "झालं ते झालं. पण ती पोरगी चोरून देतेय, बरणीही आता तळाला आलीय. नवी बरणी समितीच्या सहीशिवाय मिळत नाही, आणि समिती तुझ्या कागदावर अडलीय. तू फक्त कागद मागे घे, मामा. उद्या घेशील?"

मी म्हणालो, घेतो. तिने माझा हात धरला. ताईसारखेच हात आहेत तिचे.

७ एप्रिल

पत्र लिहायला बसलो. अशी पत्रं शब्द तोलून लिहावी लागतात. साहेब दौऱ्यावर आहेत, उद्या येतील.

८ एप्रिल

साहेब आले. पत्र खिशात होतं. मी बोलणार तेवढ्यात तेच म्हणाले, "तुमची मुदतवाढ मंडळाने मान्य केली. फेब्रुवारीतला तुमचा अहवाल मी मुद्दाम पुढे ठेवला. अशी सचोटी आजकाल दिसत नाही, म्हणाले. पंधराला आदेश निघेल."

मी आभार मानले. पत्र खिशातच राहिलं. सात दिवसांनी काही बिघडत नाही. आज दिलं तर मुदतवाढ जाईल, आणि मी गेलो तर प्रकल्प गेला. साखर काही सगळ्याच मुलांना लागू पडेल असं नाही. ज्यांना लागू पडणार नाही त्यांचं काय? मी फक्त स्वतःचा विचार करत नाही.

१० एप्रिल

गोंधळ झाला. स्टोअरच्या तपासणीत विदुषीची बरणी वजनाला कमी भरली. साहेबांनी विचारलं, तिने सरळ सांगून टाकलं. निलंबित. बरणी मोहोरबंद. मला जिन्यात भेटली. म्हणाली, "सर, तुमच्या भाचीकडे साखर आजपुरतीच आहे. तुमचं पत्र गेलं ना?"

मी म्हणालो, प्रक्रियेत आहे.

१३ एप्रिल

भाचीचे पाच फोन. एक उचलला. म्हणालो, साहेबांच्या टेबलावर आहे. पांढरी पेशी जगते मोजके दिवस. नव्या तयार होतील त्या फ्युकोजविनाच होतील. हे तिला सांगितलं नाही, उगाच घाबरली असती.

१५ एप्रिल

आदेश निघाला. दोन वर्षं. साहेबांनी सर्वांना समोशांऐवजी पेढे दिले, माझ्या पथ्यामुळे. घरी सांगितलं. ही म्हणाली, "अभिनंदन," आणि कपडे वाळत घालायला गेली.

१६ एप्रिल

सकाळी पहिलं काम म्हणजे पत्र दिलं. "हिरव्या ट्यूबच्या अनुपलब्धतेमुळे पूर्वीच्या निष्कर्षात त्रुटी संभवते, तरी फेरविचार व्हावा." साहेबांनी दोनदा वाचलं, माझ्याकडे पाहिलं, आणि शिक्का मारायला पाठवलं. छातीवरचा दगड उतरला. मी शब्द पाळला.

दुपारी कळलं, मुंगी हॉस्पिटलात आहे, कालपासून. ताप. जबड्यात जंतुसंसर्ग.

२३ एप्रिल

समितीने काल परवानगी दिली. नवी बरणी आली, साखर सुरू झाली. तोवर मुंगीचे पुढचे चार दात काढावे लागले होते, हाडापर्यंत गेलं होतं. जगेल, डॉक्टर म्हणाले. मी वॉर्डाबाहेर बसलो होतो. भाची बाहेर आली, तिच्या हातात समितीचे कागद, वर माझ्या पत्राची प्रत. शिक्क्यावर बोट ठेवून म्हणाली, "मामा, बारा दिवस कशाचे?"

मी तिला समजावलं: साहेबांचा दौरा, मंडळ, आदेश, प्रक्रिया. तिने सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाली, "तू जा आता. ती उठली की तुला बघून हसायला जाईल."

६ मे

विदुषी दुसरीकडे गेली. तिची चौकशी मागे घेतलेली नाही, नियम तो नियम. तिच्या निष्कर्षावर शोधनिबंध निघणार आहे म्हणतात. निरोपाच्या चहाला मी गेलो होतो. सगळ्यांशी बोलली, माझ्याशीही बोलली, पण हवापाण्याचं.

ही हल्ली रोज संध्याकाळी भाचीकडे जाते. मी विचारत नाही, ही सांगत नाही.

१ जुलै

आज मुदतवाढीतल्या प्रकल्पाचा पहिला दिवस व्हायचा होता. नवं सूक्ष्मदर्शक आलंय, दोन नव्या मुली नेमल्यात, एन्झाइम शुद्ध करून ठेवलंय. हवं फक्त अशा रुग्णाचं रक्त, आणि या शहरात असा रुग्ण एकच. म्हणून पंधरा दिवसांपूर्वी रीतसर संमतीपत्र पाठवलं होतं. मुलीला धोका काही नाही, महिन्याला दोन छोट्या ट्यूब, हिरव्या झाकणाच्या, हेही मी हाताने लिहिलं होतं.

आज कार्यालयातल्या कारकून बाई ते घेऊन आल्या. "नाही" वर खूण. खाली भाचीची आणि जावयाची सही. बाई म्हणाल्या, "सर, कारणाच्या रकान्यात काहीतरी चुकलंय. कारण लिहिलेलंच नाही, नुसत्या दोन तारखा आहेत. चार एप्रिल आणि सोळा एप्रिल. हे कसं नोंदवू?"

खोलीत त्या दोन नव्या मुली होत्या, माझ्याकडे बघत.

मी म्हणालो, "चुकून पडल्या असतील. खोडून टाका."